श्रीवर्धन

श्रीवर्धन : रायगड जिल्ह्यातील, त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण व अरबी समुद्रावरील एक जुने बंदर. १९४८ पर्यंत हे गाव जंजिऱ्याच्या हबशी संस्थानात मोडत असे. त्याच वर्षी पंतसचिवांचे भोर संस्थानही विलीन झाले, आणि सह्याद्रीच्या दोन अंगांस असलेले हे दोन मुलूख एकाच सरकारच्या दप्तरात दाखल झाले. प्रस्तुत नोंद घाटमाथ्यावरून, त्यातही ज्या पालीचे नाव राजगड किल्ल्याच्या पाली दरवाजास मिळाले आहे त्या गावाकडून, समुद्रदर्शनास उतरणाऱ्या प्रवाशास डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

पालीपासून श्रीवर्धन सरळ रेषेत मोजल्यास पाऊणशे किलोमीटरांच्या आसपास भरेल; परंतु सह्याद्रीने या जवळिकीस कधी फारशी किंमत दिलेली नाही. राजगडाच्या उतारावर पडलेला पाऊस गुंजवणीतून नीरेत, नीरेतून भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जात अखेर बंगालच्या उपसागरास मिळतो. पश्चिमेचा हाकेवरचा समुद्र त्याच्या नशिबी नसतो. माणसांनी मात्र मढे घाट, उपांड्या घाट अशा पायवाटांनी कोकणाशी दळणवळण राखले. आजचा प्रवासी मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ करीत भोरास येतो आणि वरंधा घाटाने महाडास उतरून माणगाव, म्हसळा या मार्गाने श्रीवर्धनास पोहोचतो.

निजामशाही व आदिलशाही अंमलात हे बंदर भरभराटीस होते. जुन्या युरोपीय प्रवाशांनी त्याचा उल्लेख ‘झिफर्दन’ असा केला आहे. भट घराण्याकडे येथील देशमुखीचे वतन होते. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वितुष्ट आल्यामुळे त्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ घाट चढून देशावर गेले आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. पेशवाईचा एवढा मोठा संसार ज्या घरातून उठला, त्याच्या मूळ गावी आज एक स्मारक व पुतळा आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याची दिंडी पाहून आलेल्यास ते साधे वाटेल, पण साधेपणा हा या गावाचा मूळ स्वभावच आहे. लक्ष्मीनारायणाचे मंदिर व ग्रामदेवता सोमजाईचे देवस्थान पाहण्याजोगे. जीवना बंदरावर मासळीची आवक चालते.

श्रीवर्धनचे खरे वैभव समुद्रात नसून समुद्राच्या अलीकडे, वाड्यांत आहे. आळीतील घराच्या मागील दारी उभे राहिले, की सुपारीच्या सरळ, काठीसारख्या खोडांची रांग लागते; मध्ये नारळ, कोठे खोडास बिलगलेला मिरवेल, पायाखाली पाटाचे झुळझुळणारे पाणी, आणि भर दुपारी त्या हिरव्या छपराखाली असा गारवा, की समुद्राची गाज ऐकू येत असूनही समुद्र दूर राहिल्यासारखा वाटतो. येथील ‘रोठा’ सुपारी आकाराने मोठी व आत पांढरा गर अधिक असलेली म्हणून बाजारात नावाजलेली आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र येथे असून ‘श्रीवर्धिनी’ हे वाण त्याचेच. या सावलीच्या उलट, स्पेनच्या भूमध्यसागरी किनाऱ्यावरील बेनिडॉर्म हे एके काळचे कोळ्यांचे गाव उत्तर युरोपातील थंडीने गारठलेल्या लोकांना ऊन विकून गगनचुंबी इमारतींचे नगर बनले. आपल्याकडील पर्यटनाच्या जाहिरातीही अलीकडे तोच कित्ता गिरवू पाहतात. तथापि पालीच्या खाचरांत आयुष्यभर ऊन अंगावर घेतलेल्या माणसास ऊन पाहण्यासाठी घाट उतरण्याचे प्रयोजन नाही. त्यास हवी सावली, आणि श्रीवर्धनात ऊन लागते ते अंगणात पसरलेल्या सुपारीला व दांडीवरच्या बोंबलांना.

ही सावलीच ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने हिरावून नेली. अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या या वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातील वाड्या काही तासांत आडव्या केल्या, घरांची कौले उडाली. धान्याचे पीक बुडाले तर पुढल्या वर्षाची आशा असते. सुपारीचे झाड लावल्यापासून फळास येण्यास सहासात वर्षे लागतात, त्यामुळे पंचनाम्यात मांडलेली रक्कम व वाडीवाल्याचे नुकसान यांचा मेळ बसणे कठीण होते. पुन्हा लागवड झाली आहे. पण जुन्या वाडीचा दाट काळोख त्या कोवळ्या झाडांखाली अद्याप शोधू नये.

श्रीवर्धनास आलेला प्रवासी बहुधा दक्षिणेस हरिहरेश्वरासही जातो. तेथे सावित्री सागरास मिळते. महाबळेश्वरी उगम पावूनही कृष्णेची वाट न धरता ती सरळ पश्चिमेस आली आहे. कालभैरवाच्या दर्शनानंतर पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून प्रदक्षिणा घालण्याचा प्रघात असून लाटांनी कोरलेले तेथील खडक अवश्य पाहावेत. ही प्रदक्षिणा ओहोटीसच करावी. किनाऱ्यावरील लोकांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास, म्हणजे प्रदक्षिणेस बाराची वेळ बरी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व दरडींमुळे वरंधा घाटही वारंवार वाहतुकीस बंद ठेवला जातो. निघण्यापूर्वी भोरास चौकशी करावी.