रब्बी ज्वारीची वाणनिवड

रब्बी ज्वारीची वाणनिवड म्हणजे जमिनीची खोली, उपलब्ध ओलावा आणि धान्याचा अंतिम उपयोग लक्षात घेऊन पेरणीसाठी योग्य वाण ठरविण्याची प्रक्रिया होय. छत्रपती संभाजीनगरसह मराठवाड्यात व सोलापूर, अहिल्यानगर भागांत ही ज्वारी मुख्यतः भाकरीसाठी पिकवली जात असल्याने उत्पादनाइतकेच महत्त्व दाण्याच्या प्रतीला दिले जाते.

पार्श्वभूमी

खरीप ज्वारीचा दाणा भरण्याच्या काळात पाऊस झाल्यास कणसावर बुरशी येते, दाणे काळे पडतात व बाजारभाव घसरतो. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ व त्यानंतरच्या संकरित वाणांनी खरिपाचे उत्पादन वाढवले. मात्र काळ्या दाण्याची अडचण कायम राहिली. बुरशीला सहनशील असलेला 'परभणी श्वेता' हा खरीप वाण वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने विकसित केला. रब्बी ज्वारी कोरड्या हवेत पक्व होत असल्याने तिचा दाणा पांढरा व चमकदार राहतो.

दाण्याची प्रत

भाकरीसाठी टपोरा, मोत्यासारखा पांढरा व गोडसर दाणा पसंत केला जातो. ज्वारीत ग्लूटेन नसल्यामुळे भाकरी थापली जाणे पिठाच्या चिकटपणावर अवलंबून असते. या गुणाला बोलीत 'विरी' म्हणतात. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते व भाकरी थापताना तुटते. म्हणून पीठ थोडे थोडे दळून आणण्याची पद्धत आहे.

मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण भाकरीच्या प्रतीचा मानदंड मानला जातो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

जमिनीनुसार वाण

* हलकी जमीन (३० सेंमीपर्यंत खोल): फुले अनुराधा, फुले माउली
* मध्यम जमीन (६० सेंमीपर्यंत): फुले सुचित्रा, परभणी मोती, मालदांडी ३५-१
* भारी जमीन (६० सेंमीपेक्षा अधिक): फुले वसुधा, फुले यशोदा, परभणी मोती
* बागायती भारी जमीन: फुले रेवती

कोरडवाहू रब्बी पीक जमिनीत साठलेल्या ओलाव्यावरच वाढते. त्यामुळे भारी जमिनीसाठीचा उशिरा पक्व होणारा वाण हलक्या रानात पेरल्यास दाणे भरण्याच्या वेळी ओल संपते. अशा ताणात खडखड्या रोगाने ताटे लोळतात आणि धान्यासोबत कडबाही हातचा जातो.

विशेष उपयोगाचे वाण

हुरड्यासाठी फुले उत्तरा, फुले मधुर व परभणी वसंत, लाह्यांसाठी फुले पंचमी आणि पापडासाठी फुले रोहिणी हे वाण वापरले जातात.

कडबा व बियाणे

जनावरे पाळणाऱ्या कुटुंबांसाठी कडबा हे धान्याइतकेच महत्त्वाचे उत्पन्न आहे. त्यामुळे दाणा अधिक पण कडबा कमी देणारे बुटके वाण रब्बीत फारसे रुजले नाहीत. सुधारित सरळ वाणांचे निवडक कणसांतील बियाणे पुढील हंगामात वापरता येते. संकरित वाणांचे बियाणे मात्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते.