निवडून यायचं, पण संसदेत बसायचं नाही! आयर्लंडच्या सिन फेनचा शंभर वर्षांचा बहिष्कार

निवडणूक लढवायची, जिंकायची आणि सभागृहात मात्र पाऊल ठेवायचं नाही. उत्तर आयर्लंडमधला सिन फेन पक्ष लंडनच्या संसदेबाबत आजवर हेच करत आला आहे. 2024 मध्ये त्यांचे 7 खासदार निवडून आले. एकानेही शपथ घेतली नाही. शपथ नाही म्हणून खासदारकीचा पगारही नाही. भत्ते तेवढे मिळतात.

शपथ ब्रिटिश राजाशी निष्ठेची असते. पण अडचण नुसती शपथेची नाही. आयर्लंडवर कायदे करण्याचा लंडनला अधिकारच नाही, ही पक्षाची मूळ भूमिका.

याची मुळं 1918 च्या निवडणुकीत आहेत. आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा पक्षाने जिंकल्या. निवडून आलेले कित्येक जण तुरुंगातच होते. ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली महिला, कॉन्स्टन्स मार्केविच, त्यांच्यातलीच. बाहेर असलेल्यांनी 21 जानेवारी 1919 रोजी डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. पुढे फाळणी झाली. सहा काउंटी ब्रिटनकडे राहिल्या, 26 काउंटींचं वेगळं राज्य झालं. ही फाळणीच मान्य नसल्याने कट्टर गटाने मग डब्लिनच्या संसदेवरही बहिष्कार टाकला.

याच मुद्द्यावर पक्ष वारंवार फुटला. 1970 मध्ये फुटला. 1986 मध्ये डब्लिनचा बहिष्कार उठवला, तेव्हा जुने नेते रुअरी ओ ब्राडी बाहेर पडले. 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर बेलफास्टच्या विधानसभेतही पक्ष बसू लागला; 2024 पासून मिशेल ओ'नील तिथल्या फर्स्ट मिनिस्टर आहेत. उरलं फक्त लंडन.

त्याची किंमत 1 एप्रिल 2019 ला दिसली. ब्रेक्झिटनंतरही युरोपशी कस्टम्स युनियन ठेवावी, हा प्रस्ताव 273 विरुद्ध 276 मतांनी पडला. फरक तीन मतांचा, आणि सिन फेनचे खासदार सात! मतदान बंधनकारक नव्हतं, हेही खरं. तरी आयर्लंडची सीमा खुली ठेवण्याच्या दृष्टीने ती मतं मोलाची होती. पक्षावर टीका झाली, भूमिका बदलली नाही.

एकीकरणाचा रस्ता मात्र लंडनच्या बाकांवरून जात नाही. 1998 च्या करारानुसार, उत्तरेत बहुमत एकीकरणाच्या बाजूने जाण्याची शक्यता दिसली, तर ब्रिटिश मंत्र्याने जनमत घ्यायचं. दक्षिणेचीही संमती लागेल. ही शक्यता नेमकी कशावरून ठरवायची, ते करारात लिहिलेलं नाही. सगळी ओढाताण आता तिथेच आहे.