एस्पार्टो म्हणजे नेमकं कोणतं गवत?
आग्नेय स्पेनच्या कोरड्या टेकड्यांवर आणि अल्जीरियाच्या पठारांवर झुबक्यांनी वाढणाऱ्या एस्पार्टो या बारमाही रानगवताचा वापर फार जुना आहे. ग्रनादा प्रांतात आल्बुन्योलजवळच्या गुहेत सापडलेल्या त्याच्या काही टोपल्या सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने त्याच्या कापणीचं वर्णन केलं, तेही कष्टांसकट: पायांना आणि हातांना संरक्षण, हाडाच्या किंवा लाकडाच्या दांडीला पाती गुंडाळून उपटणं, मग भिजवणं. फुलाचा विचार त्यात नाही. दोर ज्याचा होतो ते एस्पार्टो, एवढी ओळख कामाला पुरेशी होती. पण कामावरून पडलेलं नाव एका वनस्पतीपाशी थांबत नाही. लायजियम हे वेगळंच गवत दोरासाठी वापरलं जाई, म्हणून त्यालाही तेच नाव चिकटलं. उलट, स्पेनचं एस्पार्टो अल्जीरियात आल्फा झालं. याच आल्फाला जवळचं ‘हल्फा’ हे नाव इजिप्तमध्ये ज्या गवताला आहे, ते म्हणजे आपल्या धर्मकार्यातला दर्भ!

या गोंधळातून वाट काढली ती फुलोऱ्याने. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचा शिष्य पेर लोफ्लिंग 1751 मध्ये स्पेनला गेला. त्याच्या निरीक्षणांच्या आधारे लिनियसने 1755 मध्ये खऱ्या एस्पार्टोला ‘स्टिपा टेनासिसिमा’ म्हटलं. एस्पार्टोचं ‘स्पार्टम’ हे प्राचीन नाव मात्र लायजियमच्या वाट्याला गेलं. हा अन्याय वाटेल, आणि पुढे 1829 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कुंथने आपल्या गवताला ‘मॅक्रोक्लोआ’ या प्रजातीत हलवलं तेव्हा आक्षेप आणखी धारदार होतो: हजारो वर्षं ज्याचं काम अडलं नाही, त्याला दर शतकात नवं नाव कशाला? ब्रिटनच्या कागद गिरण्यांनीही एकोणिसाव्या शतकात या गवताच्या गासड्या लॅटिनवाचूनच विकत घेतल्या. आक्षेपात तथ्य आहे: विणणाऱ्याला पात्याची चिवटाई कळली की पुरतं. पण कोणतं गवत कोणाचं सगं हे पात्यावरून कळत नाही, ते फुलोऱ्यावरून कळतं. डीएनएच्या अभ्यासांनीही ही वनस्पती स्टिपापासून वेगळी असल्याचं दाखवलं, म्हणजे कुंथचा बदल ही लहर नव्हती. शिवाय बदललं ते फक्त प्रजातीचं नाव. ‘अत्यंत चिवट’ हा अर्थ सांगणारं ‘टेनासिसिमा’ नामकरणाच्या नियमानुसार कायम राहिलं, आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी व्हेनेझुएलात मरण पावलेल्या लोफ्लिंगचा उल्लेखही त्या नावासोबत आजवर होतो.