वैद्यकीय किरणोत्सर्ग तंत्रज्ञ होण्यासाठीचे प्रशिक्षण: प्रवेश घेण्याआधी काय तपासावे

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणारी, सीटी स्कॅनच्या टेबलावर रुग्णाला नीट झोपवणारी किंवा कर्करोगाच्या रुग्णाला ‘लाईट देणारी’ व्यक्ती बहुतेक वेळा डॉक्टर नसते. ती वैद्यकीय किरणोत्सर्ग तंत्रज्ञ असते. बारावी सायन्सनंतर या कामाचे शिक्षण घेता येते आणि एमबीबीएसच्या तुलनेत खर्च पुष्कळ कमी येतो. त्यामुळे या शिक्षणाला मागणी आहे, आणि मागणी आहे म्हणून बोगस संस्थाही आहेत. या लेखात अभ्यासक्रम, पात्रता, शिष्यवृत्ती आणि कर्ज यांची माहिती दिली आहे. मात्र सर्वांत जास्त जागा पैसे भरण्याआधी काय तपासावे याला दिली आहे, कारण चुकीच्या ठिकाणी प्रवेश घेतला तर फी आणि वर्ष दोन्ही हातचे जातात.

कामाचे स्वरूप

सर्वांत जास्त नोकऱ्या निदानाच्या विभागात असतात. साधा एक्स-रे, सीटी स्कॅन, मॅमोग्राफी आणि एमआरआय ही यंत्रे चालवणे हे येथील काम. बटण दाबणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. छातीचा एक्स-रे काढताना रुग्णाचे खांदे पुढे वळवावे लागतात, म्हणजे खांद्याची हाडे फुप्फुसावर येत नाहीत. श्वास भरून रोखायला सांगावे लागते. रुग्ण म्हातारा असेल, ऐकू कमी येत असेल किंवा भाषा वेगळी असेल तर हेच काम दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटांचे होते. फोटो हलला तर पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाला विनाकारण दुसऱ्यांदा किरण मिळतात. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात शरीररचना आणि रुग्णाशी बोलणे या दोन्ही गोष्टी यंत्राइतक्याच शिकवल्या जातात.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, चुंबक असते, आणि ते चुंबक तपासणी चालू नसतानाही काम करत असते. 2018 मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात एमआरआय खोलीत नेलेले ऑक्सिजनचे सिलिंडर चुंबकाने ओढून घेतले आणि रुग्णासोबत आलेल्या एका तरुणाचा जीव गेला. त्या दारातून कोण आणि काय आत जाते यावर लक्ष ठेवणे ही तंत्रज्ञाची जबाबदारी असते.

दुसरा विभाग रेडिओथेरपीचा. येथे कोबाल्ट यंत्र किंवा लिनॅक यंत्राने कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडले जातात. डोस किती आणि कोणत्या कोनातून द्यायचा हे डॉक्टर व वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ ठरवतात. रुग्णाला रोज अगदी त्याच स्थितीत झोपवणे, डोके-मानेच्या उपचारासाठी चेहऱ्याचा साचा बनवणे आणि खुणा जुळवणे हे तंत्रज्ञाचे काम. उपचार अनेकदा कित्येक आठवडे चालतात, त्यामुळे तोच रुग्ण, तेच नातेवाईक रोज भेटतात. हे काम स्वभावाला झेपेल का, याचा विचार आधी करा.

तिसरा विभाग अणुवैद्यकाचा. तेथे अल्पायुषी किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शरीरात देऊन चित्र घेतले जाते. या विभागातल्या जागा मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत.

पात्रता आणि अभ्यासक्रम

बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण असणे ही सर्वसाधारण अट आहे. काही अभ्यासक्रमांत जीवशास्त्राऐवजी गणित चालते. किरणोत्सर्गाच्या ठिकाणी कामगार म्हणून नेमणुकीसाठी वय 18 वर्षे पूर्ण हवे.

शिक्षण दोन पातळ्यांवर मिळते: डिप्लोमा आणि पदवी. पदवीला कुठे बी.एस्सी. रेडिओलॉजी, कुठे बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी, तर महाराष्ट्रात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात बी.पी.एम.टी. असे नाव आहे. नावांचा हा गोंधळ संसदेने 2021 मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने कमी व्हायला हवा. या कायद्याच्या अनुसूचीत रेडिओलॉजी, इमेजिंग आणि रेडिओथेरपी तंत्रज्ञांचा वेगळा गट आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी दोन ते चार वर्षांत मिळून किमान 2000 तासांचे शिक्षण, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तासांची पदवी, असे हा कायदा सांगतो. तुमच्यासमोर कोणी सहा महिन्यांचा ‘डिप्लोमा’ ठेवला तर हे 2000 तास लक्षात ठेवा. रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस बसवले तरी सहा महिन्यांत साधारण 1250 तासच भरतात.

दोन वर्षांचा डिप्लोमा घ्यावा की पदवी, हा प्रश्न घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. लवकर कमाई सुरू होणे गरजेचे असेल तर मान्यताप्राप्त दोन वर्षांचा डिप्लोमा कमी प्रतीचा समजू नका. मात्र पुढे रेडिओथेरपीत किंवा अध्यापनात जायचे असेल तर पदवी सोयीची पडते.

संस्था खरी आहे का, हे कसे ओळखाल

पहिला प्रश्न कागदाचा. प्रमाणपत्रावर शेवटी कोणाची सही-शिक्का येणार, हे स्पष्ट विचारा. ‘आमचे सेंटर’ किंवा ‘दिल्लीचे बोर्ड’ हे उत्तर पुरेसे नाही. विद्यापीठ असेल तर ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का ते पाहा. याच आयोगाने बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध केलेली असते. डिप्लोमा असेल तर राज्याच्या परिषदेत त्या अभ्यासक्रमाच्या आधारे नोंदणी होते का, हे परिषदेलाच विचारा. संस्थेच्या माणसाने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.

दुसरा प्रश्न रुग्णालयाचा. प्रात्यक्षिक कुठे होणार? त्या रुग्णालयाचे नाव घ्या, तिथे जा, आणि एक्स-रे विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा की या संस्थेची मुले येथे येतात का. ही एक फेरी माहितीपत्रकाच्या वीस पानांपेक्षा जास्त सांगते. रुग्णालयातील एक्स-रे यंत्रासाठी मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना लागतो. ज्या ठिकाणी परवाना नाही आणि विद्यार्थ्यांच्या छातीवर बॅज नाही, तिथे शिकणे तुमच्या तब्येतीच्याही हिताचे नाही.

तिसरी गोष्ट घरबसल्या शिक्षणाची. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरवले आहे. त्यामुळे ‘परीक्षेलाच या, बाकी आम्ही बघतो’ असे सांगणारी जाहिरात आली तर तिथेच थांबा.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घेणे हा विद्यार्थ्याला अडकवण्याचा जुना मार्ग आहे. आयोगाच्या नियमानुसार महाविद्यालयाने मूळ कागदपत्रे फक्त पडताळून लगेच परत करायची असतात. फी भरली की पावती घ्या, आणि ती संस्थेच्या नावाची असावी, एखाद्या ‘काउन्सिलर’च्या नावाची नको.

कौशल्य योजनांमधील काही महिन्यांचे अभ्यासक्रमही आरोग्य क्षेत्रात चालतात. ते सहायकाच्या कामासाठी उपयोगी असू शकतात. पण त्यांच्या आधारे स्वतः यंत्र चालवणारा तंत्रज्ञ होता येत नाही, हे प्रवेश घेतानाच समजून घ्या.

किरणांची भीती आणि खरी काळजी

‘या कामात मूल होत नाही’, ‘केस गळतात’ असे अनेक घरांत म्हटले जाते आणि त्यापायी विशेषतः मुलींना या शिक्षणापासून अडवले जाते. म्हणून आकडे पाहू. छातीच्या एका एक्स-रेमध्ये रुग्णाला साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट इतका डोस मिळतो. जमीन, अन्न आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. किरणोत्सर्ग कामगारासाठी एईआरबीने सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा घातली आहे, आणि कोणत्याही एका वर्षात 30 ओलांडता येत नाहीत. नियम पाळणाऱ्या एक्स-रे विभागातील तंत्रज्ञ सहसा या मर्यादेच्या खूप खाली असतो.

‘नियम पाळणाऱ्या’ या शब्दांवर सगळे अवलंबून आहे. किरण सोडताना शिसेयुक्त काचेच्या किंवा शिशाच्या पडद्यामागे उभे राहायचे, रुग्णाला स्वतः धरून ठेवायचे नाही, जवळ थांबणे अटळ असेल तर शिशाचा एप्रन घालायचा. अंतर दुप्पट केले की डोस चौथ्या हिश्शावर येतो, हे गणित वर्गात शिकवले जाते. ते रोज अंगवळणी पडावे लागते.

टीएलडी बॅज म्हणजे तुमच्या डोसचा हिशेब. तो छातीच्या उंचीवर, एप्रनच्या आत लावायचा असतो आणि दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी प्रयोगशाळेत जातो. नोंदी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय नोंदवहीत राहतात, त्यामुळे नोकरी बदलली तरी हिशेब तुटत नाही. बॅज दुसऱ्याला देऊ नका, कपाटात ठेवून काम करू नका. काही ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी दोघांत एकच बॅज वापरतात. त्याने दोघांच्याही नोंदी खोट्या ठरतात. तुमचा डोस किती आला हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

गर्भधारणा झाल्याचे कळताच विभागप्रमुखांना लेखी कळवा. त्यानंतर बाळंतपणापर्यंत पोटातील बाळासाठीची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट आहे आणि त्यानुसार कामाची वाटणी बदलावी लागते.

सोनोग्राफीबद्दल इशारा

‘एक्स-रे व सोनोग्राफी टेक्निशियन’ असे एकत्र नाव असलेले अभ्यासक्रम दिसतात. गर्भवतीची सोनोग्राफी करण्याची परवानगी 1994 च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांनाच आहे. मालकाने सांगितले तरी तंत्रज्ञाने ती स्वतः करू नये. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

फी, शिष्यवृत्ती आणि कर्ज

अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते. इतर मागासवर्गीयांसाठी पीएम-यशस्वी योजनेखाली अशीच शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थेलाच लागू होते. म्हणून ज्या संस्थेचे नाव पोर्टलवर निवडताच येत नाही, तिच्याबद्दल आधीच शंका घ्या.

तुम्ही इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबादला राहणारे मराठी कुटुंब असाल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तुमच्या अधिवासाच्या राज्याकडून मिळते, शिक्षण दुसऱ्या राज्यात घेतले तरीही. अधिवास, जात आणि उत्पन्नाचा दाखला त्याच राज्याचा लागेल. आधार बँक खात्याशी जोडलेले आहे का, हे अर्जाआधी बँकेत जाऊन पाहा. अर्ज मंजूर होऊन पैसे अडकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

आई किंवा वडील नोंदणीकृत बांधकाम कामगार असतील तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे मुलांच्या शिक्षणासाठीच्या साहाय्याची चौकशी करा. नोंदणीचे नूतनीकरण झालेले असावे.

पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजावर तीन टक्के सवलत आहे. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्याला ती मिळत नाही. तुमची संस्था या यादीत आहे का, हे कर्जाचे गणित मांडण्याआधी तपासा.

नोकरीची जाहिरात वाचताना

एकाच पदाची नावे अनेक आहेत. महाराष्ट्र शासनाच्या जाहिरातीत ‘क्ष-किरण तंत्रज्ञ’ किंवा ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ असे लिहितात, रेल्वेत ‘रेडिओग्राफर’, खासगी रुग्णालयात ‘एक्स-रे टेक्निशियन’. शाळेच्या बीजगणितात अज्ञात संख्येला आपण ‘क्ष’ म्हणतो, तोच हा क्ष: 1895 मध्ये राँटजेन यांना हे किरण सापडले तेव्हा ते अज्ञातच होते. शोध घेताना सगळी नावे टाकून पाहा, नाहीतर आपल्यासाठीची जाहिरात नजरेतून सुटते.

रेल्वे भरती मंडळाच्या 2024 च्या पॅरामेडिकल जाहिरातीत या पदाला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासह बारावी आणि दोन वर्षांचा डिप्लोमा मागितला होता, सुरुवातीचे मूळ वेतन 29,200 रुपये होते. एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्यांना तिथे अर्जच करता येत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी आपल्याला हव्या असलेल्या नोकरीची एक जुनी जाहिरात काढा, तिच्यातील पात्रतेचा रकाना आणि संस्थेचे माहितीपत्रक शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहा, आणि कालावधी, विषय किंवा मान्यता यांपैकी काहीही जुळत नसेल तर संस्थेकडून त्याचे उत्तर लेखी मागा.