कुर्डी : आपल्या नळामागचे गाव

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण दरवर्षी मंडळाच्या कार्याचा आढावा घेतो. यंदा मात्र ज्या गावाचे आपणां मडगावकरांवर ऋण आहे, त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे माझ्या मनात आले. आपल्या नळाला येणारे पाणी साळावली धरणाचे. आणि त्या धरणाच्या जलाशयात सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव बुडालेले आहे.

कुर्डी एके काळी नांदते गाव होते. नदीकाठची भातशेती, माड, फणस, काजू. हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी शेजारी राहणारे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली येथेच जन्मल्या. अल्लादियाखाँसाहेबांकडून मिळवलेली विद्या त्यांनी आपल्या कन्येला, किशोरीताई आमोणकरांना दिली. गावाचे नाव त्यांच्या आडनावात राहिले.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. पुढे दक्षिण गोव्याला पिण्याचे व शेतीचे पाणी मिळावे म्हणून धरणाची योजना निघाली. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः कुर्डीला गेले आणि त्यांनी लोकांना त्याचे प्रयोजन समजावून सांगितले. गावाने मन घट्ट केले. सुमारे ६०० कुटुंबे, ३००० हून अधिक माणसे, वाडे व वालकिणी येथे जाऊन वसली. कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड न् दगड सुटा करून दुसरीकडे उभारण्यात आले. १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले. देवळाचे दगड हलवता आले. पण सासूने लावलेला माड आणि विहिरीवरचे शेजारणींचे बोलणे कोणी कसे हलवावे?

उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाव पुन्हा वर येते. मी मे महिन्यात तेथे गेले होते. भेगाळलेली जमीन, चिऱ्यांची जोती, झाडांचे बुंधे, एवढेच उरले आहे. त्या दिवसांत सोमेश्वराच्या उत्सवाला आणि कपेलाच्या फेस्ताला जुने गावकरी परत येतात. एक वृद्ध बाई उघड्या जोत्यापाशी थांबली, पायांतल्या वहाणा काढल्या आणि मगच वर चढली. तेथे ना दार होते, ना उंबरा. माझे डोळे भरून आले.

याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. वाडे येथील विहिरी उन्हाळ्यात आटतात व टँकरची वाट पाहावी लागते, असे तेथील रहिवाशांनी सांगितल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले होते. ज्यांनी पाण्यासाठी घरे दिली, त्यांनीच पाण्याची वाट पाहावी!

आपण सहलीला जातो तेव्हा धरणाचा गोल सांडवा पाहून, डबे खाऊन परततो. येत्या मे महिन्यात मंडळाची सहल कुर्डीपर्यंत न्यावी आणि येताना वाडे येथील भगिनींना भेटून त्यांच्या पाण्याची चौकशी करावी, अशी माझी सर्वांना नम्र विनंती आहे.