पन्हाळगडावरील गोळी व दारू : एका मापाचा विचार

पन्हाळगडाच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, बखरी व शिलालेख यांचीच आठवण प्रथम होते. परंतु संग्राहकांच्या पेटींत आणखी एक साधन असतें. त्यावर अक्षर नसतें, आणि म्हणूनच त्याविषयीं वाटेल तें बोलण्यास मोकळीक आहे असा समज झालेला दिसतो. तें साधन म्हणजे जुनी गोळी. शिशाची लहानशी गोळी असो, कीं लोखंडाचा अथवा दगडाचा गोळा असो, तो हातीं येतांच 'हा अमक्या वेढ्यांतला', 'हा अमक्या तोफेचा' अशी चिठ्ठी त्यावर चिकटते. चिठ्ठी लिहिणारा तोफेचें तोंड मोजतो, गोळ्याचा व्यास मोजतो, आणि दोन आंकडे जुळले कीं निर्णय देऊन मोकळा होतो. ही रीत अपुरी आहे असें आमचें मत आहे. गोळी, दारू आणि नळी हीं तीन मिळून एक माप होतें. त्यांतील एक बदललें कीं उरलेल्या दोहोंचा विचार नव्यानें करावा लागतो. हें न जाणणारा गोलंदाज जिवास मुकत असे. हें न जाणणारा संशोधक सत्यास मुकतो. एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रथम दारूचा विचार करूं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणांतलें असून त्याचा संबंध पन्हाळ्याच्या गादीशीं आहे. त्यांतील दुर्गप्रकरण वाचकांच्या परिचयाचें आहेच. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारूस ओल लागूं देऊं नये, आठां-पंधरा दिवसांनीं ती बाहेर काढून तीस ऊन द्यावें, पावसाळ्यांत भांड्यांस तेल-मेण देऊन त्यांचे कान मेणानें बंद करावे, असा त्या आज्ञांचा आशय आहे. हा केवळ टापटिपीचा उपदेश नव्हे. सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण ओलें झालें म्हणजे मंद जळतें. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, सह्याद्रीच्या पावसांत उभ्या असलेल्या या गडावर ओलीचें भय वर्षांतून चार महिने असे. श्रावणांत सर्द दारूनें गोळा कमी पडला म्हणून गोलंदाजानें माप वाढविलें, आणि मार्गशीर्षांत वाळलेली दारू त्याच वाढीव मापानें भरली, तर काय होईल हें सांगावयास नको. दारू नित्य एकसारखी राहिली तरच मापास अर्थ राहतो. आज्ञापत्रांतील उन्हाच्या आज्ञेमागें हें मर्म आहे असें आम्हांस वाटतें.

आतां गोळीकडे वळूं. शिशाची १५ मिलिमीटर व्यासाची गोळी सुमारें २० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन तोळ्यांच्या आसपास भरते. व्यास १७ मिलिमीटर केला तर वजन सुमारें २९ ग्रॅम, म्हणजे अडीच तोळे होतें. व्यास दोनच मिलिमीटर वाढला; वजन मात्र जवळजवळ निम्म्यानें वाढलें. गोळीचें वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें हें याचें कारण. '१२ बोर' या शिकाऱ्यांच्या परिभाषेंत हाच जुना हिशेब दडलेला आहे : एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडिल्या असतां त्यांतील एक ज्या नळींत बरोबर बसेल ती नळी बारा बोरची.

जड गोळी जागची सावकाश हलते. तोंपर्यंत मागील दारू जळतच असते व नळींतील दाब वाढत जातो. घट्ट गोळीनेंही हेंच होतें. उलट गोळी सैल असली तर दारूचा धूर तिच्या कडेनें निसटतो व मारा कमी पडतो. म्हणून ठासणीच्या बंदुकींत गोळीभोंवतीं चिंधी देत. याहून मोठा धोका असा कीं, घट्ट गोळी गजानें ठासतांना मध्येंच अडकावी आणि दारू व गोळी यांमध्यें पोकळी राहावी. अशा बारानें नळी फुगते, प्रसंगीं फुटते. तेव्हां दुसऱ्या सांच्याची गोळी हातीं आल्यास जुन्या मापाची दारू तशीच ओतणें हा शहाण्या बरकंदाजाचा मार्ग नव्हे.

तोफांच्या बाबतींत हा फरक अधिक ठळक होतो, कारण तेथें गोळ्याचा पदार्थही बदलतो. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेचें तोंड सुमारें २८ इंचांचें आहे. ही तोफ इ. स. १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली. तिच्यासाठीं २७ इंची गोळा कल्पिला, तर काळ्या दगडाचा गोळा पांचशें किलोच्या थोडा आंत भरेल आणि लोखंडाचा बाराशें किलोच्या वर जाईल. व्यास तोच, तोंडांत दोन्ही सारखेच बसणार. पण वजन अडीचपट. दगडी गोळ्याच्या हिशेबानें ठरविलेली दारू लोखंडी गोळ्यामागें भरणें म्हणजे तोफेसच शत्रु मानण्यासारखें होय. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स इ. स. १४६० मध्यें रॉक्सबरोच्या वेढ्यांत शत्रूच्या गोळ्यानें नव्हे, तर आपल्याच बाजूची तोफ फुटून मेला. तेव्हां केवळ तोंडाचा व्यास जुळला म्हणून हा गोळा या तोफेचा, असें म्हणणें किती धाडसाचें आहे हें दिसून येईल.

गोळ्याचा तिसरा प्रकार कुलपी गोळ्याचा. इ. स. १६६० च्या सिद्दी जौहराच्या वेढ्यांत राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती गरनाळा व कुलपी गोळे घेऊन पन्हाळ्याखालीं आले होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. महाराज जुलई महिन्यांत गडावरून निसटले, आणि पुढील वर्षीं राजापूरच्या वखारीस या आगळिकीचें फळ मिळालें. आमच्या विषयापुरतें पाहावयाचें तें इतकेंच कीं, कुलपी गोळा पोकळ असून त्याच्या पोटांत दारू असते. तो भरीव गोळ्याहून हलका, पण धक्क्यास नाजूक. त्यास भरीव गोळ्याचें दारूमाप चालत नाहीं, कारण तो तोफेच्या पोटांतच फुटावयाचा. गरनाळेचें तोंड रुंद, लांबी आंखूड व दारू बेताची असण्याचें हेंही एक कारण आहे.

या व्यवहारी ज्ञानास गणिताचें रूप अठराव्या शतकांत आलें. बेंजामिन रॉबिन्स यानें इ. स. १७४२ मध्यें तोफविद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. टांगलेल्या लंबकावर गोळी मारून, लंबक किती हलला यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ति त्यांत सांगितली आहे. हा गृहस्थ पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर होऊन हिंदुस्थानांत आला व १७५१ मध्यें फोर्ट सेंट डेव्हिड येथें वारला.

गोळी विचारपूर्वक कशी बदलावी याचें उदाहरण एन्फील्ड रायफलींत मिळतें. हिच्या काडतुसांनीं १८५७ सालीं किती मोठा क्षोभ उत्पन्न केला हें सांगणें नलगे. त्या वर्षीं ३१ जुलै रोजीं कोल्हापुरांतील २७ वी मुंबई पलटण उठली. मात्र त्या उठावाचा सगळा भार काडतुसांवर टाकणें योग्य होणार नाहीं. या रायफलीची नळी ०.५७७ इंचांची व प्रथमची गोळी ०.५६८ इंचांची होती. नळींत काजळी सांचली कीं ती ठासणें जड जाई. म्हणून धामधुमीनंतर गोळीचा व्यास ०.५५ इंचांवर आणिला. पण वजन जवळजवळ तेंच राखलें आणि गोळीच्या बुडाशीं पोकळी ठेवून ती बार होतांच फुगून नळीस धरील अशी योजना केली. एक अंग बदलतांना दुसरीं सांभाळलीं, हें यांतलें तत्त्व.

तेंच तत्त्व पुढें शिकाऱ्यांच्या हातीं आलें. कोल्हापूर संस्थानांत दाजीपूरच्या रानांतील शिकार प्रसिद्ध होती. काळी दारू जाऊन इ. स. १८८४ नंतर निर्धूम दारू प्रचारांत आली व हा विषय अधिकच नाजूक झाला. निर्धूम दारू काळ्या दारूच्या मापानें भरणें म्हणजे उघड अपघात. जो शिकारी पितळी काडतूस स्वतः भरतो, त्यानें गोळी बदलली तर जुना दारूचा आंकडा सोडून द्यावा. नव्या गोळीसाठीं व त्याच दारूसाठीं छापलेल्या कोष्टकांतील आरंभींच्या मापापासून सुरुवात करून थोडथोडें वर जावें, असा सर्वमान्य नियम आहे. गोळीचें वजन तेंच असलें तरी हा नियम सुटत नाहीं. निव्वळ तांब्याची गोळी शिसें भरलेल्या गोळीहून लांब असते. ती काडतुसांत खोल बसून दारूची जागा अडविते व दाब वाढतो. टोपी चपटी होणें, रिकामें काडतूस नळींतून कष्टानें निघणें, हीं दाब वाढल्याचीं लक्षणें समजतात. परंतु लक्षण दिसेपर्यंत वाट पाहणें हें शहाणपण नव्हे. दुनळी रायफल तर एकाच गोळीवर व एकाच मापावर जुळविलेली असते. गोळी बदलली कीं दोन्ही नळ्यांचे बार एके ठिकाणीं पडत नाहींत. दाजीपूर १९५८ सालीं अभयारण्य झालें व १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचें युग संपलें. मात्र त्या काळचीं काडतुसें व सांचे अनेक घरांत पडून आहेत.

संग्राहकांस आमची विनंती अशी. गोळीचा व्यास दोन-तीन बाजूंनीं मोजावा, वजन घ्यावें, पदार्थ व सांच्याची शिवण नोंदवावी, आणि ती कोठें मिळाली हें विसरूं नये. मार लागून चपटलेल्या शिशाच्या गोळीचा मूळ व्यास वजनावरून काढतां येतो. तो चपट्या अंगावर मोजूं नये. लोखंडी गोळा हिशेबाहून फारच हलका भरला तर तो कुलपी असूं शकेल. अशा गोळ्यास छिद्र पाडूं नये, घासूं नये, तापवूं नये, पोलिसांस कळवावें. ठासणीच्या बंदुकींत काठी हळूच घालून खूण करावी व तीच काठी बाहेरून नळीस लावून पाहावी. ती कानाच्या बरीच अलीकडे थांबत असेल तर बंदूक भरलेली आहे असें समजून जाणत्याच्या स्वाधीन करावी. कोरडी राहिलेली काळी दारू शेंकडों वर्षांनींही पेट घेते.

गोळी हातीं आल्यावर 'ही कोणी मारली?' असा प्रश्न आपण विचारतों. त्याआधीं 'हिच्यामागें दारू किती होती, आणि नळी कोणती होती?' असें विचारलें पाहिजे. त्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत चिठ्ठीवर वेढ्याचें नांव न घालतां केवळ व्यास, वजन व स्थळ एवढेंच लिहिणें बरें.