गारगोटीत राहिलेली गरम पाण्याची खूण

देवबागला एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्लीची खाडी आणि पायाखाली नुसती वाळू. ज्वालामुखीच्या खडकांवर पीएचडी करतेय म्हटलं की इथे हमखास प्रश्न येतो: "राजापुराक गरम पाणी येता, म्हणजे खाली ज्वालामुखी जागो आसा काय?"

नाही. दख्खनचा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि कधीचाच गार झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत अशी सुमारे 18 ठिकाणं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी 70 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं.

पण गरम पाणी खडकाचं काय करतं? याचा पुरावा रेल्वेच्या कामात हाती आला. बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये सुरू झाला. तो खोदताना काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून पांढरे, चमकदार स्फटिक निघाले आणि थेट परदेशी संग्रहालयांत गेले. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो, पण त्यांतले बरेचसे झिओलाइट. ते लाव्ह्यासोबत आलेले नाहीत, नंतर तयार झालेत. पाण्याने खडकातली काच आणि खनिजं हळूहळू विरघळवली. मॅग्नेशियम आणि लोह बरंचसं मातीच्या खनिजांत अडकलं. कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका पोकळ्यांपर्यंत पोचले आणि तिथे पाणी धरून ठेवणारे झिओलाइट जमले.

1974 मध्ये सुखेसवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या झिओलाइटचे पट्टे मांडले. कुठे लॉमोन्टाइट, कुठे स्कोलेसाइट, कुठे ह्युलँडाइट. लॉमोन्टाइटला ह्युलँडाइटपेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणजे खनिजाचं नाव कळलं की तेव्हाचं पाणी किती तापलं होतं, याचा अंदाज येतो. थर्मामीटरच म्हणा ना!

पण हा थर्मामीटर वाचायला जागा माहीत हवी. आज खाणीतून, विहिरीतून निघालेले सुंदर स्फटिक दूरदूर विकले जातात. कुठल्या गावचा, किती खोलीवरचा, कुठल्या थरातला, हे कोणी लिहून ठेवत नाही. मग तो दगड शोभेचा उरतो, पुरावा राहत नाही. तुमच्याकडे विहीर खणताना असा दगड निघालाच, तर विकायच्या आधी कागदावर गाव, तारीख आणि खोली लिहून त्याला बांधून ठेवा. एवढ्याने माझ्यासारख्या कितीतरी जणांचं काम सोपं होईल.